राखीव विजेची कसोटी

घरी ठेवलेला जनरेटर भार टाकून का तपासावा आणि कसा तपासावा, हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर काहीसा खालच्या पायरीचा वाटण्याचा संभव आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा मंचांवर धर्म, अर्थकारण, इतिहास, वाङ्मय या विषयांचा ऊहापोह होत आला आहे. त्या पंक्तीत डिझेलचा वास येणारे यंत्र आणून बसविण्याचे कारण सांगितले पाहिजे. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या वऱ्हाडात शक्ती कोठून आली, ती कोणाच्या हाती राहिली आणि ती गेली तेव्हा अंधार कोणाच्या वाट्याला आला, हा सारा इतिहास या लहानशा यंत्राभोवती गुंडाळलेला आहे. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आमचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभेत झाले. तेव्हा विषयाची मांडणी कारखान्याच्या अंगाने होईल, ती श्रोत्यांनी चालवून घ्यावी.

मुद्दा प्रथमच सांगून टाकतो. राखीव म्हणून ठेवलेली व्यवस्था रिकामी चालवून सिद्ध होत नाही. तिच्यावर खरा भार पडला म्हणजे मगच तिची परीक्षा होते. आणि ही परीक्षा घेणाऱ्याने तारेच्या दुसऱ्या टोकाला, खांबावर, कोण चढलेले आहे याचा विचार आधी केला पाहिजे. पहिली गोष्ट यंत्रशास्त्राची आहे, दुसरी माणुसकीची. पण काम एकच आहे.

भार मोजण्याची विद्या

यंत्राची ताकद मोजावयाची कशी, हा प्रश्न वाफेच्या इंजिनाबरोबर जन्माला आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅटने इंजिनाची तुलना घोड्याशी केली, कारण त्याचे गिऱ्हाईक घोडे काढून इंजिन घेणार होते. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, हे त्याचे माप. त्याच अश्वशक्तीचा आकडा आजही विहिरीवरच्या पंपाच्या पाटीवर आपण वाचतो. परंतु पाटीवरची अश्वशक्ती दांड्यावर खरोखर मिळते की नाही, हे कोणी ठरवावयाचे? १८२१ च्या सुमारास प्रोनी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने साधी युक्ती काढली. फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळे आवळावयाचे, ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडावयाची, आणि ती दांडी फिरू नये म्हणून तिच्या टोकाला किती वजन टांगावे लागते ते पाहावयाचे. इंजिन ठोकळ्यांशी झगडते, ठोकळे तापतात, आणि टांगलेले वजन इंजिनात दम किती आहे ते सांगते. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हा शब्दप्रयोग याच युक्तीतून आला. पुढे १८७७ मध्ये विल्यम फ्रूड या इंग्रजाने लाकडाऐवजी पाण्याचा ब्रेक केला, आणि आगबोटींची मोठी इंजिनेही कारखान्यातच तपासता येऊ लागली.

आपल्या जनरेटरचा मूळपुरुष जो डिझेल, त्याची कथाही अशीच आहे. रूडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाची कल्पना १८९३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यानंतर चार वर्षे कारखान्यात धडपड चालली. १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथे म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी त्या इंजिनावर भार टाकून रीतसर चाचणी घेतली, आणि इंधनातील सुमारे २६ टक्के शक्ती ते कामात उतरविते असे दिसून आले. त्या काळची चांगली वाफेची इंजिनेही याच्या बरीच मागे होती. जगाने डिझेलच्या पुस्तकावर नव्हे, तर या चाचणीवर विश्वास ठेवला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वऱ्हाडातील इंजिने

आता आपल्या मुलखाकडे वळू. भुसावळहून पूर्वेकडे निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव ही या मार्गावरची स्थानके. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एकाला बाजार चिकटला, दुसऱ्याला, म्हणजे आपल्याला, रेल्वे चिकटली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला तो तेव्हापासून. पाठोपाठ आलेल्या रेल्वेने तो कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत नेला. कापसामागोमाग सरकी वेगळी करणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले, आणि त्यांच्या संगतीने बॉयलर व वाफेची इंजिने आमच्या मातीत रोवली गेली.

जिनातील इंजिन हंगामी असे. दिवाळीपासून होळीपर्यंत ते धावावयाचे आणि उरलेले महिने झोपावयाचे. इतके महिने झोपलेले यंत्र हंगामाच्या पहिल्या दिवशी उठेलच, असा भरवसा कोणताही शहाणा फिटर देणार नाही. पट्टे आवळून, तेलपाणी करून, प्रथम रिकामे चालवून आणि मग एकेक जिन पट्ट्यावर घेऊन त्याला जागे करावे लागते. बॉयलरच्या बाबतीत तर हे काम कोणाच्या शहाणपणावर सोडलेले नव्हते. बॉयलर फुटून माणसे मरतात हा अनुभव जगभर आलेला होता. म्हणून १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने निरीक्षकाची तपासणी आणि प्रमाणपत्र सक्तीचे केले. कामाच्या दाबाहून अधिक दाब पाण्याने देऊन बॉयलर पारखण्याची पद्धत त्यात होती. मालकाच्या शब्दावर विसंबून न राहता यंत्राला अधिक ताण देऊन पाहावयाचे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. कामगारांच्या जिवाची किंमत त्या तत्त्वामागे होती.

वाफेनंतर खनिज तेलावरची इंजिने आली. पिठाची गिरणी, तेलघाणी, विहिरीवरचा पंप यांना बॉयलरचा खटाटोप परवडत नव्हता. मिनिटाला ६५० फेरे घेणारे लिस्टरचे सहा अश्वशक्तीचे विलायती इंजिन या कामी प्रसिद्ध होते. त्याच्या प्रतिकृती पुढे राजकोटच्या कारखान्यांनी इतक्या काढल्या की मूळ विलायती कोणते आणि राजकोटचे कोणते हे सहसा ओळखू येत नसे. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना पुण्याजवळ खडकीला निघाला, आणि ‘किर्लोस्कर’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी इंजिनाचेच नाव होऊन बसला. या काळात राखीव यंत्र ही कल्पनाच नव्हती. ज्याचे इंजिन त्याची शक्ती. ते रोज भाराखाली चालत असल्याने त्याची परीक्षाही रोज होत असे. गिरणीचा ‘पुक पुक’ आवाज ऐकून भार किती पडला आहे हे गिरणीवाला घरातून सांगू शकत असे.

मग १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक केंद्र त्याच दशकात उभे राहिले. तारा गावोगावी पोचल्या, आणि इंजिने कोपऱ्यात गेली. येथे इतिहासाला महत्त्वाचे वळण लागले. जे यंत्र मुख्य होते ते राखीव झाले, आणि राखीव झाले म्हणून त्याची रोजची परीक्षा थांबली.

भारनियमनाची वर्षे

‘भारनियमन’ हा शब्द आपल्या पिढीला शिकवावा लागत नाही. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ भार टाकून देणे असा आहे. मराठीत त्याला नियमन हे सभ्य नाव मिळाले. ज्यांचा भार टाकून दिला जात होता ते आपण होतो. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला, मागणी वाढत गेली आणि नवी केंद्रे उभी राहिली नाहीत. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या निराळ्या कंपन्या झाल्या. तुटवडा मात्र विभागला गेला नाही. तो वाढत जाऊन काही हजार मेगावॉटांवर पोचला. पुढे फिडरची गळती आणि बिलाची वसुली पाहून गट पाडण्यात आले, आणि ज्या फिडरवर गळती अधिक त्याला अंधार अधिक, असा हिशेब लागला. प्रामाणिकपणे बिल भरणारा माणूस आकडे टाकणाऱ्या शेजाऱ्याबरोबर एकाच अंधारात बसला.

याच सुमारास पुण्यात एक निराळा प्रयोग झाला. २००६ मध्ये तेथील कारखान्यांनी आपली राखीव जनित्रे तुटवड्याच्या तासांत चालवावीत, त्यामुळे वाचणारी वीज शहराला मिळावी, आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांकडून वसूल व्हावा, अशी व्यवस्था वीज आयोगाच्या संमतीने करण्यात आली. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ती गाजली. कारखान्यांतील निजलेली यंत्रे एकत्र जागी केली तर शहराचा भार पेलू शकतात, हे तिने दाखविले. ही तिची जमेची बाजू होय. ज्या गावात असे कारखाने नाहीत आणि जादा पैसे देण्याची ऐपत नाही, त्या गावाने काय करावे, या प्रश्नाला मात्र तिच्यात उत्तर नव्हते. चांदूर, धामणगाव, तिवसा ही त्या प्रश्नातील गावे.

या गावांनी आपले उत्तर बाजारातून विकत आणले. दुकानाच्या पायरीवर, कापडाच्या गठ्ठ्याशेजारी, हाताने दोरी ओढून सुरू करावयाचे लहान जनरेटर दिसू लागले. पेट्रोलवर सुरू करावयाचे आणि मग रॉकेलवर टाकावयाचे, अशी त्यांची रीत. संध्याकाळी लाईट गेली की बाजारपेठेत एकाच वेळी पंधरा-वीस यंत्रे धडधडू लागत आणि रॉकेलच्या धुराने डोळे चुरचुरत. ज्यांची परिस्थिती बरी त्यांनी घरी इन्व्हर्टर बसविले, त्याहून बरी असणाऱ्यांनी अंगणात डिझेल सेट ठेवला. पुढे २०१३ नंतरच्या वर्षांत अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १३५० मेगावॉटचे खाजगी औष्णिक केंद्र उभे राहिले, पारसलाही अडीचशे मेगावॉटचे दोन नवे संच त्याआधीच आले होते, आणि भारनियमनाचा जोर ओसरला. जनरेटर तेव्हा पुन्हा कोपऱ्यात गेले. त्यांच्यावर चादर पडली.

ती चादर २०२१ च्या उन्हाळ्यात पुन्हा निघाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत कित्येक घरांत प्राणवायू तयार करणारे कॉन्सन्ट्रेटर आले. मिनिटाला पाच लिटर प्राणवायू देणारे असे यंत्र साधारण तीन-चारशे वॉट वीज खाते, आणि वीज थांबली की थांबते. वैशाखातल्या वादळाने तार तुटली तर घरातल्या माणसाचा श्वास कोपऱ्यातल्या जनरेटरवर येऊन ठेपत होता. घरगुती राखीव वीज ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी तो उन्हाळा आठवावा.

जगाचा अनुभव

राखीव शक्ती ऐन वेळी दगा देते, हा अनुभव आपल्याच वाट्याला आला असे नाही. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या ईशान्य भागात सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले, आणि न्यूयॉर्कमधील अनेक रुग्णालयांना राखीव वीजच नाही हे त्या रात्री उघड झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ त्याच शहरावर आले तेव्हा रुग्णालयांत जनित्रे होती, वरच्या मजल्यांवर सुरक्षितही होती. परंतु त्यांना इंधन चढविणारे पंप तळघरात होते आणि तळघरात पाणी भरले. शेकडो रोग्यांना जिन्यावरून खाली उतरवावे लागले. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंपानंतर डिझेल जनित्रे नियमाप्रमाणे सुरू झाली, आणि सुमारे तासाभराने आलेल्या समुद्राच्या लाटेने ती बुडविली.

यांत सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण चेर्नोबिलचे होय. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री तेथे जो प्रयोग चालला होता तो राखीव विजेचाच होता. बाहेरची वीज गेली तर थंड पाण्याचे पंप चालू ठेवण्यास डिझेल जनित्रे होती; पण ती पूर्ण भार घेण्यास एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागे. तेवढ्या मिनिटाची तूट, बंद होत चाललेल्या टर्बाईनच्या उरलेल्या गतीतून भरून काढता येईल का, हे तपासावयाचे होते. अणुभट्टीच्या रचनेतील दोष आणि चाचणीसाठी बंद ठेवलेली संरक्षक साधने यांमुळे त्या रात्री जो अनर्थ झाला तो सर्वविदित आहे. त्यातून चाचणी घेऊ नये असा बोध काढणे चुकीचे ठरेल. चाचणी घेताना संरक्षणाची साधने काढून ठेवू नयेत, हा खरा बोध आहे, आणि तो अंगणातल्या दोन किलोवॉटच्या यंत्रालाही लागू आहे.

आपल्या देशात ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारताचे जाळे कोसळून साठ कोटींवर लोकांची वीज गेली. वऱ्हाड पश्चिम जाळ्यात असल्याने वाचला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची पाळी आली. संकटात मुंबईला राज्याच्या जाळ्यापासून तोडून स्थानिक केंद्रांवर चालू ठेवावे, अशी बेटासारखी व्यवस्था तेथे कित्येक वर्षांपासून होती. त्या सकाळी स्थानिक निर्मिती आणि शहराचा भार यांचा मेळ बसला नाही आणि बेट टिकले नाही. त्याच दिवशी मुलुंडमधील एका खाजगी रुग्णालयात जनित्राला आग लागून रोग्यांना तातडीने दुसरीकडे हलवावे लागले. दिवसभर आधार म्हणून चालविलेले यंत्रच संकट होऊन बसले.

रिकामे चालणे आणि भाराखाली चालणे

आता यंत्रात डोकावू. पुष्कळ घरांत महिन्यातून एकदा जनरेटर सुरू करतात, पाच मिनिटे आवाज ऐकतात, आणि समाधानाने बंद करतात. या पाच मिनिटांत बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत एवढेच कळते. रिकाम्या इंजिनाला इंधन थोडे लागते, म्हणून अर्धवट तुंबलेला फिल्टरही पुरतो. उष्णता थोडी निघते, म्हणून गाळ साचलेला रेडिएटरही पुरतो. तारांतून प्रवाह जवळजवळ नसतो, म्हणून सैल झालेला जोड तापत नाही. भार पडला म्हणजे हे तिन्ही दोष एका तासाच्या आत तोंड वर काढतात.

डिझेल सेटच्या बाबतीत रिकामे चालविणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे. सिलिंडर पुरेसा तापत नाही, तेल पुरते जळत नाही, आणि अर्धवट जळालेला काळा चिकट द्रव धुराड्यात व झडपांवर साचतो. म्हणून अमेरिकेतील रुग्णालयांच्या नियमांत महिन्यातून एकदा निदान तीस टक्के भारावर तीस मिनिटे चालविण्याची अट आहे. पेट्रोलच्या लहान यंत्रात हा प्रकार कमी. पण टाकीत महिनोन्महिने राहिलेले पेट्रोल कार्बुरेटरमध्ये राळेसारखे जमते, आणि दोरी ओढून हात भरून येतात.

चाचणीचा क्रम सोपा आहे. प्रथम पाटी वाचावी. अडीच केव्हीए लिहिलेल्या यंत्रातून ०.८ पॉवर फॅक्टरने दोन किलोवॉट मिळतात, अडीच नव्हेत. येथेच निम्मी माणसे फसतात. मग पाच मिनिटे रिकामे चालवून इंजिन गरम होऊ द्यावे. त्यानंतर पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा पायऱ्यांनी भार वाढवावा, आणि प्रत्येक पायरीवर यंत्राला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. भारासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. इस्त्री साधारण एक हजार वॉट घेते. पाणी तापविण्याचा रॉड दीड हजार घेतो. रॉड बादलीत असताना पाण्याला कोणी हात लावू नये, एवढी ताकीद मुलांना द्यावी. प्रत्येक पायरीवर व्होल्टेज पाहावे. ते २३० च्या आसपास राहिले पाहिजे. शक्य असल्यास वायरमनकडून फ्रिक्वेन्सीही पाहून घ्यावी. रिकाम्या यंत्रात ती ५० हर्ट्झच्या थोडी वर असते, आणि पूर्ण भाराला ५० च्या जवळ यावी. भार टाकताच इंजिन क्षणभर दबते आणि सावरते, हे स्वाभाविक आहे. ते सावरत नसेल, दिवे लुकलुकत असतील, किंवा धूर काळा होऊन तसाच राहत असेल, तर गव्हर्नर, फिल्टर अथवा इंजेक्टर यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

शेवटी मोटार लावून पाहावी, कारण खरी परीक्षा तीच. चालू पंप जेवढा प्रवाह घेतो त्याच्या पाच-सहा पट तो सुरू होण्याच्या क्षणी मागतो. इस्त्रीला हसत पेलणारे यंत्र एक अश्वशक्तीच्या पंपापुढे गुडघे टेकते ते याचमुळे. पंप किंवा फ्रिज आधी चालू करावा, पंखे आणि दिवे मागून.

आणखी एक गोष्ट वऱ्हाडासाठी विशेष आहे. यंत्राच्या पाटीवरची शक्ती बहुधा २५ अंश तापमान धरून ठरविलेली असते. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ पर्यंत जातो. हवा विरळ होते, इंजिनाचा दम कमी होतो, आणि नेमके तेव्हाच घरातले दोन्ही कूलर चालू असतात. म्हणून चाचणी मार्गशीर्षातल्या सकाळी घेऊन उपयोग नाही. वैशाखातल्या दुपारी घ्यावी. आणि ती उघड्यावर घ्यावी. पडवीत किंवा जिन्याखाली चालविलेल्या जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस त्यातून उठत नाही.

खांबावरचा माणूस

येथपर्यंत जे सांगितले ते यंत्राच्या मालकाच्या हिताचे होते. आता जे सांगावयाचे आहे त्यासाठीच आम्ही हा विषय घेतला.

लाईट गेली की कित्येक ठिकाणी जनरेटरची वायर घरातल्या एखाद्या सॉकेटमध्ये खोचून सारे घर उजळतात. मुख्य स्विच पाडावयाचा असतो. तो घाईत राहून जातो. अशा वेळी जनरेटरची वीज मीटरमधून उलट दिशेने बाहेर पडते आणि खांबावर जाते. आपल्या गल्लीच्या डीपीचे काम ११ हजार व्होल्टचे उतरवून घरापुरते करण्याचे. त्याला उलट बाजूने वीज दिली की तो तितक्याच निष्ठेने ती चढवितो. पुढची लाईन जोडलेली असेल तर अंगणातले २३० व्होल्ट पलीकडच्या तारेत हजारो व्होल्ट होऊन बसतात. शेजाऱ्यांचा भार अंगावर येऊन जनरेटर बहुधा बंद पडेल, हे खरे. परंतु तार जवळच तुटली असेल किंवा फ्यूज काढलेले असतील, तर त्याला बंद पडण्याचे काही कारण राहत नाही. आणि जेथे तार तुटली आहे, नेमका तेथेच लाईनमन पोचलेला असतो.

त्याने उपकेंद्राकडून परमिट घेतलेले असते. फिडर बंद आहे असे त्याला सांगितलेले असते, आणि ते खरेही असते. नियमाप्रमाणे त्याने तार तपासावी, डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीशी जोडावी आणि मगच हात घालावा. परंतु रात्रीचे वादळ, चिखल, भिजलेले हातमोजे, एकाच माणसावर पाच-सहा गावांचा पट्टा, आणि ‘लाईट केव्हा येईल’ म्हणून खिशात सतत वाजणारा फोन, या परिस्थितीत तो काम करीत असतो. त्यांतील कित्येक जण कंत्राटी असतात. नागपूरचे ए. बी. बर्धन यांनी वीज कामगारांची संघटना बांधण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालविली. या कामगाराला सुरक्षित काम मिळाले पाहिजे, ही मागणी तेव्हापासून आजवर जुनी झालेली नाही. साधने देणे ही कंपनीची जबाबदारी आहे, आणि तिच्यासाठी आम्ही भांडतो. परंतु मागच्या दाराने तारेत वीज सोडू नये, ही जबाबदारी आपली, नागरिकांची आहे. तिच्यासाठी मोर्चा काढावा लागू नये.

तिला उपायही महाग नाही. मीटर आणि घर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच बसवावा. त्याची मूठ एका बाजूला केली की घर लाईनवर, दुसऱ्या बाजूला केली की घर जनरेटरवर. दोन्ही एकदम जोडले जाणे शक्यच नाही. परवानाधारक वायरमनकडून तो बसवून घ्यावा, अर्थिंग पाहून घ्यावे, आणि भाराची चाचणी या स्विचमधूनच घ्यावी, म्हणजे यंत्राबरोबर स्विचचीही परीक्षा होते. स्विच नसेल तर चाचणीचा भार थेट जनरेटरच्या सॉकेटवर लावावा, घराच्या वायरिंगला हातच लावू नये.

आजकाल छपरावर सौर पाट्या बसू लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेने त्यांना वेग आला. त्यांच्याविषयी एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. माध्यान्हीचे ऊन पडलेले आहे, पाट्या तापलेल्या आहेत, आणि तरीही लाईनची वीज गेली की घरची वीज का जाते? याचे कारण त्या इन्व्हर्टरमध्ये मुद्दाम घातलेले आहे. लाईन मेली हे कळताच तो स्वतःला तोडून घेतो, म्हणजे खांबावरच्या माणसाला पाठीमागून धक्का बसू नये. ज्यांनी हा नियम केला त्यांनी आपल्या सोयीआधी त्या माणसाचा विचार केला. जनरेटरमध्ये हे शहाणपण आपोआप येत नाही; ते स्विचच्या रूपाने आपल्याला विकत घेऊन बसवावे लागते.

संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. वर्गणीच्या पावत्यांवरून युनियनची ताकद कळत नाही. ती संपाच्या तिसऱ्या आठवड्यात कळते, जेव्हा घरातले पीठ संपते. यंत्राचेही असेच आहे. म्हणून या वैशाखातच एक दुपार ठरवावी. चादर काढावी, जुने तेल बदलावे, स्विच पाहावा, शेजाऱ्यांना सांगावे, आणि पाऊण-एक तास यंत्राला खरा भार द्यावा. काय दिसले ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. ज्येष्ठात पहिले वादळ येईल, तार तुटेल, आपल्या घरात दिवा लागेल, आणि आपल्या दिव्यामुळे खांबावरच्या कोणाच्या घरचा दिवा विझणार नाही, एवढी खात्री त्या वहीत असावी.